माया ठेवून बेतलेलीं वस्त्रें

आपल्या धर्मग्रामाच्या या मंगल महोत्सवाच्या स्मरणिकेंत देवळाच्या भिंती केव्हां उभ्या राहिल्या, घंटा कोणीं दिली, कोणकोणत्या पूज्य फादरांनीं येथें कळपाची राखण केली, याचें वर्णन वाचकांस इतरत्र वाचावयास मिळेलच. तें लिहिण्याचा अधिकार आमचा नव्हे. आम्हीं निवडलेला विषय इतका घरगुती आहे, कीं इतिहास या नांवास तो पात्र आहे कीं काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. परंतु एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. बाप्तिस्म्याच्या नोंदवहींत जीं नांवें ओळीनें लिहिलेलीं आहेत, त्यांपैकीं प्रत्येक नांवाचें लेंकरूं स्नानकुंडाशीं आलें, तें अंगावर कांहीं तरी लेवून आलें. तें वस्त्र कोणीं तरी बेतलें, कोणीं तरी शिवलें. पुष्कळ वेळां तें रात्रीं, घरचीं सारीं कामें उरकल्यावर, दिव्याच्या उजेडांत शिवलें गेलें. नोंदवहींत बाळाचें नांव आहे, आईबापांचें आहे, धर्ममातापित्यांचें आहे, फादरांची सही आहे. शिवणाऱ्या हाताची नोंद मात्र कोठेंच नाहीं. ती थोडीबहुत करून ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतु होय.

या कामाची थोरवी पवित्र शास्त्राला ठाऊक आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकांत हन्नेची कथा आहे. नवसानें झालेला पुत्र तिनें शिलो येथील मंदिरांत परमेश्वराच्या सेवेस अर्पण केला. त्यानंतर ती प्रतिवर्षीं यज्ञाच्या वेळीं पतीसह तेथें जाई, आणि जातांना त्याच्यासाठीं एक लहानसा झगा करून नेई. शास्त्रकारानें हें मोजक्या शब्दांत सांगितलें आहे. पण ज्या आईनें दूर राहणाऱ्या लेंकरासाठीं कपडा शिवला असेल, तिला त्या मोजक्या शब्दांतली सारी व्यथा कळेल. माप घ्यावयास मूल समोर नाहीं. गेल्या वर्षीं तें केवढें होतें तें आठवावयाचें, वर्षभरांत किती वाढलें असेल याचा अदमास करावयाचा, आणि वर चार बोटें अधिक ठेवावयाचीं. नव्या करारांत बेथलेहेमच्या गोठ्यांत पवित्र मरियेनें आपल्या बाळास स्वतःच्या हातांनीं बाळंत्यांत गुंडाळलें असें आपण वाचतों. पुढें यापो नगरांत तबीथा वारली, तेव्हां विधवांनीं प्रेषित पेत्रापुढें रडत रडत तिनें केलेले अंगरखे व वस्त्रें आणून दाखविलीं. तिच्या पुण्याईची दुसरी साक्ष त्यांच्यापाशीं नव्हती, आणि दुसरीची गरजही पडली नाहीं.

वर चार बोटें म्हणून जें म्हटलें, त्याला आपल्या मराठी शिवणकामांत एक नांव आहे. बेतलेल्या रेषेच्या बाहेर, शिवणीसाठीं आणि पुढें कपडा सैल करतां यावा यासाठीं, जें अधिक कापड सोडतात त्यास 'माया' म्हणतात. खांद्यास माया ठेव, बगलेस माया ठेव, खालच्या दुमडींत माया ठेव, असें शिंपी आपल्या उमेदवारास आणि आई आपल्या मुलीस सांगत आली आहे. वाढत्या अंगासाठीं आधींच सोडून ठेवलेल्या जागेस आपल्या भाषेनें ममतेचेंच नांव द्यावें, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. मुलांच्या कपड्यांचा सगळा इतिहास या एका शब्दाभोंवतीं फिरतो असें म्हटलें तरी चालेल.

कागदी नमुने आपल्या देशांत येण्यापूर्वीं महाराष्ट्रांतील घरोघरीं लहान मुलांसाठीं अंगडें, टोपडें, झबलें, कुंची, दुपटें हीं वस्त्रें घरींच होत असत. त्यांचा नमुना बाईच्या बोटांत आणि कापडाच्या घडींत असे. कुंचीचेंच पहा. कापडाचा एक लांबट तुकडा घ्यावयाचा, तो मध्यावर दुमडून वरची एक कड मागून शिवावयाची, कीं डोक्याची टोपी झाली. मानेशीं चुण्या घालून दोन बंद लावावयाचे, आणि उरलेलें कापड पाठीवरून झुलत सोडावयाचें. कातर जवळ जवळ लागतच नाहीं. मोठ्यांच्या कपड्यांतही हाच विचार होता. चोळीचा खण हा चोळीपुरताच विणलेला असे. गुळेदगुडचे खण त्यासाठींच प्रसिद्ध झाले. चतुर बाई तो अशा रीतीनें घडी घालून बेते, कीं चिंधी म्हणून हातीं फारसें कांहीं उरू नये. कापड महाग आणि वेळ स्वस्त, अशा काळाचें तें गणित होतें.

झबल्याची रीत आजही कित्येक आज्यांना पाठ आहे. ती येथें लिहून ठेवतों. कापड, शक्य तर धुऊन मऊ झालेल्या जुन्या लुगड्याचें किंवा धोतराचें, आधीं उभें व मग आडवें दुमडावें, म्हणजे चार पदर होतात. ज्या कोपऱ्यांत दोन्ही दुमडी मिळतात तो गळ्याचा मध्य. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची छाती सुमारें १३ इंच भरते. तिचा चौथा हिस्सा सव्वातीन इंच. पण बेतांत घ्यावयाचे पांच. अधिक घेतलेले पावणेदोन इंच हे ढील आणि माया यांसाठीं. गळा लहान गोलाईनें कापून पाठीचा पदर मधोमध उघडा ठेवावा, व तेथें बटणाऐवजीं बंद लावावे, म्हणजे बाळ निजलें असतां पाठीस कांहीं टोंचत नाहीं. कित्येक बायका झबल्याच्या शिवणी बाहेरच्या बाजूस ठेवीत. पाहणाराला तें उलटें दिसे. बाळाच्या कातडीला मात्र तें सुलटें असे.

पाठ उघडी कां ठेवावयाची, याचें कारण आज वैद्यकशास्त्र सांगूं शकतें. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर छातीच्या घेराहून सुमारें पाऊण इंच जास्त असतो. दोन्ही सारखे व्हावयास जवळ जवळ एक वर्ष लागतें. डोक्याची लांबी जन्मतः सगळ्या अंगाच्या एक चतुर्थांश असते, आणि मोठ्या माणसाची सातव्या किंवा आठव्या हिश्श्याइतकीच. म्हणून मोठ्याचा सदरा लहान करून मुलाचा सदरा होत नाहीं. मुलाचें अंग म्हणजे मोठ्यांच्या अंगाची छोटी प्रत नव्हे. तें निराळेंच अंग आहे आणि त्याचा बेतही निराळाच असला पाहिजे. आपल्या आज्यांना हे आंकडे ठाऊक नव्हते, परंतु झबल्याची पाठ त्यांनीं उघडीच ठेवली.

आतां पुणें शहराकडे वळूं. सवाई माधवराव पेशव्यांच्या फौजेंत कॅथॉलिक शिपाई व अधिकारी होते. त्यांपैकीं दों मिगेल द नोरोन्या यांच्या विनंतीवरून इ. स. १७९२ सालीं पेशव्यांनीं देवळासाठीं जागा दिली, आणि नाना पेठेंतील सिटी चर्चचा, पर्यायानें या शहरांतील कॅथॉलिक उपासनेचा, पाया घातला गेला. पोर्तुगीजांशीं आलेल्या संबंधानें आपल्या शिवणाच्या डब्यांतही कांहीं वस्तू येऊन पडल्या आहेत, हें मात्र थोड्यांच्या लक्षांत येतें. 'फीत' हा शब्द पोर्तुगीज आहे. 'इस्त्री' हाही त्याच वाटेनें आला. 'काज' हा शब्द पोर्तुगीज 'काझा' यावरून आला. त्या भाषेंत काझा म्हणजे घर. बटणाचें घर तें काज! समुद्रकिनाऱ्यावरून हे शब्द घाट चढून आले, आणि ज्यांनीं गोवा कधीं पाहिला नाहीं अशा पेठांतल्या बायकांच्या तोंडीं बसले. आपले गोमंतकीय बांधव अजूनही शिंप्यास 'आल्फायात' म्हणतात. गोव्याचे शिंपी मुंबईपासून पूर्व आफ्रिकेपर्यंत आपल्या हातच्या कसबासाठीं नांवाजलेले होते.

इ. स. १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर पुण्यास इंग्रजांची छावणी वसली आणि लष्कर भागांत विलायती पद्धतीचे कपडे दिसूं लागले. बंगल्याच्या व्हरांड्यांत शिंपी मांडी घालून बसे. मडमसाहेब त्याच्यापुढें एक जुना झगा टाकी आणि तसाच दुसरा करावयास सांगे. शिंपी तो झगा उसवी, सुटे तुकडे नव्या कापडावर मांडी, त्यांच्या कडेनें खडूची रेघ ओढी आणि कातरी. जुन्या झग्याला ठिगळ असेल तर नव्यालाही त्यानें तेवढेंच ठिगळ लावलें, अशी थट्टेची कथा त्या काळच्या इंग्रजी लेखनांत येते. ती खरी असो वा नसो, तिच्यांत एक सत्य आहे. या देशांत विलायती बेताचा पहिला नमुना कागदाचा नव्हता. जुना, उसवलेला कपडा हाच नमुना होता. आणि पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांतील बायका हीच विद्या पाहून पाहून शिकल्या.

कागदी नमुन्याची कथा युरोप आणि अमेरिकेंत घडली. शिंप्यांनीं आपले बेत छापून काढल्याचें जुनें उदाहरण स्पेनमधील आहे. हुआन दे आल्सेगा नांवाच्या शिंप्यानें १५८० सालीं माद्रिद येथें कापड बेतण्याच्या भूमितीवर पुस्तक प्रसिद्ध केलें. पण तें धंद्यांतील लोकांसाठीं होतें. घरच्या आईच्या हातीं नमुना येण्यास आणखी तीनशें वर्षें लागलीं, आणि तो आला तोही मुलाच्या कपड्याच्या निमित्तानेंच. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत स्टर्लिंग या गांवीं एबेनेझर बटरिक नांवाचा शिंपी होता. त्याची पत्नी एलन आपल्या मुलासाठीं चौकड्याचें कापड बेतीत असतां म्हणाली, कीं मुलांच्या निरनिराळ्या मापांचे तयार बेत मिळाले असते तर किती श्रम वांचले असते. त्या काळचे नमुने एकाच मापाचे असत. ते आपल्या मापाचे करणें ज्याचें त्याला करावें लागे. बटरिकनें वाढत्या मापांचे कागदी बेत कापले आणि १८६३ सालीं ते विक्रीस काढले. पुढें ते पातळ टिश्यू कागदावर निघूं लागले व टपालानें देशोदेशीं गेले. त्याच्या पहिल्या नमुन्यांत मुलांचा जो पोशाख फार खपला तो गॅरिबाल्डीच्या धर्तीचा होता. ज्या सेनानीनें पोपसाहेबांच्या राज्याविरुद्ध तलवार उपसली, त्याचा पोशाख किती कॅथॉलिक मातांनीं निष्पापपणें आपल्या मुलांस चढविला असेल, याचें आम्हांस हंसूं येतें.

शिवणयंत्राची कथाही त्याच शतकांतली. फ्रान्समध्यें बार्थेलेमी तिमोनिए या गरीब शिंप्यानें १८३० सालीं यंत्राचें पेटंट घेतलें. पुढच्याच वर्षीं पोट बुडेल या भीतीनें पॅरिसच्या शिंप्यांनीं त्याचीं यंत्रें फोडून टाकलीं. १८५१ सालीं अमेरिकेंत सिंगरनें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें, आणि एकोणिसावें शतक संपण्यापूर्वींच सिंगरचें यंत्र हिंदुस्थानच्या शहरांतून खडखडूं लागलें होतें. यंत्रांविषयीं साशंक असणाऱ्या महात्मा गांधींनीं १९२४ सालच्या एका संभाषणांत या एका यंत्राला अपवाद म्हणून मान दिला. बायकोचे हातशिलाईचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगरनें तें शोधून काढलें, त्याच्या मुळाशीं प्रेम आहे, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. त्याच वर्षाच्या आरंभीं आपल्या ससून रुग्णालयांत शस्त्रक्रिया होऊन ते येरवड्याच्या कारावासांतून मुक्त झाले होते. पुढें कलकत्त्यास 'उषा' यंत्र तयार होऊं लागलें, आणि लग्नांत मुलीस शिवणयंत्र देण्याची चाल आपल्याकडेही पडली.

परंतु यंत्र आणि कागद घरांत आला म्हणून विद्या येत नाहीं; ती कोणीं तरी शिकवावी लागते. येथें आपल्या धर्मभगिनींचे उपकार स्मरले पाहिजेत. येशू व मरिया यांच्या धर्मभगिनींचा संघ पुण्यास १८६० च्या सुमारास आला. या संघाचा उगम फ्रान्समधील ल्यों या रेशमाच्या शहरीं झाला. संस्थापिका क्लोदीन थेवने यांचे दोन भाऊ राज्यक्रांतीच्या धामधुमींत १७९४ सालीं मारले गेले, आणि मारणाऱ्यांस क्षमा करावी असा निरोप त्यांनीं बहिणीस ठेवला. १८१५ सालीं आंद्रे क्वांद्र या धर्मगुरूंस देवळाच्या दाराशीं थंडीनें कांकडलेल्या दोन अनाथ मुली सांपडल्या. त्यांचा सांभाळ क्लोदीनबाईंनीं पत्करला. पुढें १८१८ सालीं संघ स्थापन झाला. त्या मुलींस नुसतें जेवूं घालून त्या थांबल्या नाहींत. रेशमाचें काम शिकवून त्यांना स्वतःच्या पायांवर उभें केलें. १९९३ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं त्यांना संत म्हणून घोषित केलें. कॉन्व्हेंटच्या शाळांत सुईच्या कामाला इतका मान कां, याचें उत्तर त्या रेशमाच्या धाग्यांत आहे. जिला सुई चालवितां येते तिला कोणापुढें हात पसरावा लागत नाहीं, असा तो विचार होता.

हाच विचार पुण्यांतील इतर थोर स्त्रियांनींही केला. त्यांचें नांव न घेणें कृतघ्नपणाचें होईल. पंडिता रमाबाईंनीं १८८९ सालीं मुंबईस काढलेलें शारदासदन पुढच्या वर्षीं पुण्यास आणलें. १८९६ च्या व १९०० च्या दुष्काळांत त्यांनीं निराधार मुलींना केडगांवास आश्रय दिला, व त्यांना लिहिण्यावाचण्याबरोबर हातचे धंदेही शिकविले. त्यांचा पंथ आपल्याहून वेगळा होता, पण त्यांची करुणा ख्रिस्ताचीच होती. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सेवासदन निघालें, तेथील शिवणाच्या वर्गांतून किती तरी विधवांनीं आपला संसार पुन्हां उभा केला. नगर जिल्ह्यांत आपले जर्मन येशूसंघीय फादर खेडोपाडीं सुवार्तेचें कार्य करीत होते. त्यांपैकीं फादर हेन्री डोरिंग यांनीं १९०३ सालीं 'निरोप्या' मासिक सुरू केलें आणि १९०७ सालीं ते पुण्याचे बिशप झाले. त्या खेड्यांतून दुष्काळानें आणि पोटामागें जीं कुटुंबें पुण्यास आलीं, त्यांच्या गांठोड्यांत गोधडी आणि कुंची होती. फ्रॉक आणि सदरा त्यांनीं येथें येऊन शिकून घेतला.

या शतकाच्या कथेंत एक धार्मिक तारीख फार महत्त्वाची आहे. ८ ऑगस्ट १९१० रोजीं पोप दहावे पायस यांच्या आज्ञेनें एक फर्मान निघालें. त्यायोगें मुलांना सातव्या वर्षाच्या सुमारास, समज येतांच, पवित्र कम्युनियन द्यावें असें ठरलें. त्यापूर्वीं पुष्कळ ठिकाणीं दहाव्या, बाराव्या वर्षापर्यंत मुलांना थांबावें लागे. या फर्मानाचा अर्थ धर्मशास्त्री सांगतीलच. शिवणाऱ्या आईपुढें मात्र त्याचा एक अगदीं साधा अर्थ उभा राहिला. पांढरा पोशाख आतां सात वर्षांच्या अंगाचा करावयाचा. दुधाचे दांत पडत असलेलें, वर्षाकांठीं दोन-अडीच इंच उंच होणारें तें अंग! कपडा एका दिवसापुरता, आणि मूल तर वाढीचें. म्हणून बहुतेक घरांत तो पोशाख एका मुलासाठीं बेतलाच जात नसे. पाठच्या भावंडांचा हिशेब त्यांत धरलेला असे.

आमच्या घरांतील अशा एका फ्रॉकची हकीकत येथें सांगावीशी वाटते, कारण अशाच हकीकती या धर्मग्रामांतील अनेक घरांत असतील. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४३ पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलें. स्वस्त दराचें 'स्टँडर्ड क्लॉथ' मिळे, पण पांढरें, तलम, कम्युनियनच्या फ्रॉकास शोभेल असें कापड गरिबाला मिळणें दुरापास्त झालें. १९४५ सालीं आमच्या थोरल्या मावशीचें पहिलें कम्युनियन व्हावयाचें होतें. तिला प्रश्नोत्तरें सारीं पाठ होतीं. तरी घरीं पांढरा कपडा नाहीं हें कळतांच ती पोर रडूं लागली आणि आपण येत नाहीं म्हणूं लागली. खरें पाहतां पवित्र सभेनें मुलापासून श्रद्धा आणि निर्मळ अंतःकरण एवढेंच मागितलें आहे. पांढरा फ्रॉक मागितला आहे तो चालीरीतीनें. पण सात वर्षांच्या मुलीला हा भेद कोण समजावणार? आमच्या आजीनें पेटींतून आपलें लग्नाचें पांढरें पातळ काढलें.

नमुना विकत घेण्याची ऐपत नव्हती. तिनें लष्करांत राहणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडून तिच्या मुलीचा फ्रॉक एका रात्रीपुरता मागून आणला. परका कपडा उसवतां येत नाहीं. म्हणून तिनें जमिनीवर कांबळें, कांबळ्यावर 'सकाळ'चे जुने अंक आणि त्यांवर तो फ्रॉक पसरला, आणि शिवणीच्या रेषेवरून टांचणी टोंचीत टोंचीत गेली. फ्रॉक उचलला तेव्हां खालीं कागदावर भोंकांच्या ओळींनीं त्याचा आकार उमटला होता. ती भोंकें पेन्सिलीनें जोडून तिनें कागद कापले. सकाळीं फ्रॉक जसाचा तसा परत गेला.

दुसऱ्या रात्रीं तिनें पातळ बेतलें, आणि एक चूक केली. कागद शिवणीच्या रेषेवर कापलेला होता, तिच्या बाहेरची माया त्यांत नव्हती, हें ती विसरली. पुढचा भाग आणि पाठ दोन्ही कापून झाल्यावर तिच्या ध्यानांत आलें. फ्रॉक दोन्ही बगलांस अपुरा पडणार होता, आणि तेवढ्या रुंदीचें सलग कापड उरलें नव्हतें. ती रात्रभर तशीच बसून होती असें आमची मावशी पुढें सांगे. पहाटे तिनें उरलेल्या तुकड्यांतून दोन लांब पट्ट्या काढल्या, त्या दोन्ही बगलांत जोडल्या, आणि जोड दिसूं नये म्हणून त्यांवरून फीत लावली. देवळांत ती नवीच तऱ्हा म्हणून दोघीतिघींनीं वाखाणली.

तो फ्रॉक आणखी दोन बहिणींनीं नेसला. दुसरी अंगानें थोराड, तिच्या वेळीं पट्ट्या उसवून रुंद केल्या आणि खालची दुमड सोडली. तिसरी किडकिडीत, तिच्या वेळीं पुन्हां आंत घेतल्या. आज तो पिवळट झालेला फ्रॉक उजेडांत धरला, तर बगलेंत सुईच्या भोंकांच्या तीन ओळी दिसतात. एकेक ओळ एकेका लेकीची. आणि त्याच्याबरोबर ठेवलेले ते वर्तमानपत्राचे बेत आहेत. त्यांवर युद्धाच्या बातम्यांचे तुटके मथळे आहेत, आणि प्रत्येक तुकड्यावर आजीनें जाड पेन्सिलीनें, पुन्हां चूक होऊं नये म्हणून, लिहून ठेवलें आहे: 'माया १ इंच.' तिला अक्षरओळख बेताचीच होती. तिच्या हातचें दुसरें एकही अक्षर आमच्यापाशीं नाहीं.

पुढील काळ वाचकांच्या आठवणींतला आहे. तुळशीबागेंतून रिळें, फिती आणि बटणें, रविवार पेठेंतून किंवा लक्ष्मी रस्त्यावरून कापड, आणि घरीं पायाचें यंत्र, अशी कित्येक वर्षें कुटुंबांची रीत होती. एका तागाचें कापड घेऊन नाताळास सगळ्या भावंडांना सारखेच कपडे होत, आणि मिस्सेला ओळीनें बसलेलीं मुलें कोणाचीं हें कापडावरूनच ओळखूं येई. नंतर तयार कपडे आले, स्वस्त झाले, आणि घरची कातर मागें पडली. यांत सर्वस्वीं वाईट झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. जी आई दिवसभर कचेरींत, रुग्णालयांत वा परक्या घरीं राबून येते, तिनें रात्रीं पुन्हां सुईंत दोरा ओवावा अशी अपेक्षा करणें क्रूरपणाचें आहे. जुन्या बायकांनीं मंद दिव्यांत काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानें टांके घालून आपले डोळे अधू करून घेतले, हेंही विसरूं नये. त्या कष्टांचें गुणगान करून ते कोणावर पुन्हां लादणें हा आमचा उद्देश नव्हे.

तथापि दोन गोष्टींची विनंती या महोत्सवाच्या निमित्तानें आम्ही करूं इच्छितों. पहिली ही, कीं आपल्या घरांतील जुन्या पेट्या एकदां उघडाव्या. त्यांत कागदाचे बेत, बाप्तिस्म्याचें झबलें, उसवलेला फ्रॉक असें कांहीं सांपडलें तर तें टाकून देऊं नये. तें कोणीं शिवलें, कोणासाठीं, कोणत्या सालीं, हें एका चिठ्ठीवर लिहून त्याच्याबरोबर ठेवावें. ज्यांना ठाऊक आहे अशा वृद्ध स्त्रिया अजून आपल्यांत आहेत, तोंवरच हें होईल. देवळाच्या नोंदवहींत जी नोंद नाहीं, ती आपल्या घरीं तरी असावी.

दुसरी विनंती ही, कीं कम्युनियनच्या दिवशीं कोणत्याही मुलाला कपड्यावांचून रडूं येऊं नये. हल्लीं त्या दिवसाच्या पोशाखांवर जी चढाओढ चालते, ती पाहून आम्हांस त्या १९४५ सालच्या रात्रीची आठवण होते. ज्यांना शिवतां येतें त्यांनीं आपल्या मुलाचा कपडा बेततांना शेजारच्या एका मुलाचाही बेतावा. ज्यांना विकत घेतां येतो त्यांनीं दोन घ्यावे, आणि दुसरा कोणास दिला हें कोणास सांगूं नये. तबीथेनें केलेल्या वस्त्रांची साक्ष विधवांनीं तिच्या मरणानंतर दिली. जिवंतपणीं तिनें ती कोठें मांडून ठेवल्याचें शास्त्रांत नाहीं.

आपल्या प्रभु येशू ख्रिस्ताचा अंगरखा बिनशिवणीचा, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला होता, असें संत योहान सांगतो. तो त्याच्या मातेनें विणला, अशी भाविकांची जुनी समजूत आहे. क्रुसाखालीं शिपायांनीं इतर वस्त्रें वांटून घेतलीं, पण तो फाडावयास त्यांचेही हात धजले नाहींत. ज्या मातांनीं व आज्यांनीं आपल्या धर्मग्रामाच्या लेंकरांना वस्त्र घातलें, त्यांना परमेश्वर आपल्या गौरवाचें वस्त्र देवो. आणि पुढें येणाऱ्या लेंकरांसाठीं आपल्या सर्वांच्या बेतांत थोडी माया राखून ठेवण्याची बुद्धि तो आम्हां सर्वांस देवो, हीच या मंगल दिवशीं प्रार्थना.